मिठाच्या बर्फातली लस

रामनगर,
२८ मे १९९७

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. सांगितलंस तू आणि लिहिलं काशीनं, तरी वाचताना तुझाच आवाज ऐकू येत होता. सुनेनं एकही शब्द गाळलेला नाही, दाजींनी मला हासडलेलेसुद्धा. "दत्तूला म्हणावं, रामनगरात गिऱ्हाइकं कमी पडली काय, म्हणून आता घरच्या माणसांच्या दंडात सुया खुपसायला निघालाय?" हे तिनं अवतरणचिन्हांत घातलंय. मी हसलो. पुढं मात्र हसू आलं नाही. खालीच तू लिहवलंयस की पहाटे उबळ आली की दाजी उठून पडवीत जातात, खांब धरून उभे राहतात, तुझी झोपमोड नको म्हणून. आणि तू जागी असतेस, पण त्यांना बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडून राहतेस. गेल्या श्रावणात बेळगावच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेले दाजी मी पाहिलेत. उभी हयात भाताच्या गिरणीत कोंडा छातीत ओढलेला माणूस. त्या न्यूमोनियातून ते उठले, पण पुन्हा झाला तर काय, ह्याचं उत्तर तिथला एकही डॉक्टर सरळ देईना. मृग जवळ आलाय. पावसाच्या आधी दाजींनी न्यूमोकोकस नावाच्या जंतूविरुद्धची लस घ्यावी, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते नको म्हणतात. का, ते तुझ्या पत्रानं कळलं. जे औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं ते अंगाला थंड, आणि थंड ते छातीला वाईट.

ह्यावर मी शास्त्र सांगत बसणार नाही. दाजींना शास्त्र सांगणारे पुष्कळ झाले, आणि त्यातला सगळ्यात कंटाळवाणा मीच. त्यापेक्षा ह्या दोन महिन्यांत इथं काय घडलं ते सांगतो. डायरीत लिहून झालंय, पण डायरी उलट काही विचारत नाही, आणि मी केलं ते बरोबर की आगाऊपणा, हे मला कुणीतरी विचारायला हवं आहे. पत्र लांबेल. सावकाश ऐक.

बाजारकुणंगचा कान्हू तुला माहीत नाही. कुणबी माणूस, वयानं माझ्याहून लहान, जंगलाच्या कडेला थोडी भातशेती. रोपांची जागा भाजायला पाला हवा म्हणून माघात ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत होता. पाय सटकला आणि खाली एका ओंडक्यावर पोटावर आपटला. बेळगावला नेईपर्यंत पोटात रक्त साठलं होतं. डाव्या बरगडीखालची पांथरी, म्हणजे प्लीहा, फाटलेली. ती काढून टाकली म्हणून जीव वाचला. चैत्रात एका दुपारी तो आणि त्याची बायको केशर माझ्या औषधांच्या दुकानात आले, दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला, आणि मागणं एकच, "ताकदीचं लाल टॉनिक द्या." टॉनिक देऊन मोकळा झालो असतो. पण हातात आलेला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. लग्नापासून सुशीला ह्या सवयीला 'पंचांग वाचणं' म्हणते. शेवटच्या ओळीत सर्जननं लिहिलं होतं, न्यूमोकोकसची लस द्यावी. कान्हूनं ती वाटेतल्या दुकानांत विचारली होती आणि सगळीकडे नाही म्हणाले होते. त्यांचा दोष मी मानत नाही. ही लस कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही. मीही ठेवलेली नव्हती.

मी दोघांना बाकड्यावर बसवलं आणि जमेल तसं सांगितलं. पांथरी म्हणजे रक्ताची चाळण. काही जंतू ती जितकं चांगलं पकडते तितकं दुसरं कुणी पकडत नाही. त्यातला हा एक, नाकातोंडात गुपचूप राहतो, संधी मिळाली की छातीत उतरतो, नाहीतर रक्तात. चाळण नसलेल्या माणसाला त्याचा ताप आला तर दवाखान्यात पोचायलाही वेळ उरत नाही. केशर टक लावून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे ह्येच्या घराचं दार उघडंच ऱ्हायलंय म्हना." मी म्हटलं, "व्हय. आणि ही लस म्हणजे दाराला कडी नव्हे, पण दारात कुत्रं बांधल्यासारखं हाय." कान्हू पहिल्यांदाच बोलला, "भुंकंल तरी." त्याला मी आणखी एक बजावलं, की लस घेतली तरी थंडी वाजून ताप आला तर काढा पीत घरी बसायचं नाही, मिळेल त्या जीपनं निघायचं. कुत्रं राखण करतं म्हणून माणसानं झोपून चालत नाही.

अक्का, गेल्या वर्षी दाजींच्या थुंकीच्या तपासणीत जो जंतू निघाला तो हाच. कान्हूला सांगताना मला सारखी दाजींची छाती दिसत होती. म्हणून मी स्वतःला विचारलं, की एवढी धडपड तू कान्हूसाठी करतो आहेस की दाजींवरचा राग त्याच्यावर काढतो आहेस? उत्तर अजून नीट सापडलेलं नाही. पण टेलिफोनच्या बूथवर जाऊन बेळगाव झालं, हुबळी झाली, शेवटी पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं "आहे" म्हटलं, तेव्हा झालेला आनंद खरा होता. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फात बसून लस बेळगावला आली आणि तिथून एसटीत माझ्या मांडीवर. बाजारकुणंगला जाणाऱ्या लखूच्या जीपबरोबर निरोप धाडला, की शुक्रवारी सकाळी या, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई इंजेक्शन देतील. सुई मी टोचत नाही, ते माझं काम नव्हे. योग्य औषध योग्य माणसापर्यंत चांगल्या अवस्थेत पोचवणं हे माझं काम, आणि तेवढं मला येतं असा माझा समज होता.

गुरुवारी सुशीलाच्या भाच्याचं लग्न लोंढ्याला. तिची कंबर धरली होती म्हणून ती घरी राहिली, मी दुकान बंद करून गेलो. दुपारी असा वळीव झाला की तारांवर झाडं पडली आणि इथली वीज गेली ती गेलीच. सुशीला शहाणी. फ्रिजमधला थंडावा कमी होतोय हे बघून ती समोरच्या फुलाकडे गेली. फुला मासे विकते. गोव्याहून बेळगावला जाणारे माशांचे ट्रक इथं थांबतात, त्यातला माल आणि बर्फ ती उतरवून घेते. सुशीलानं तिला सांगितलं की एका माणसाच्या जिवाचं औषध आहे, गार राहायला पाहिजे. फुलानं आपला चांगला डबा घासून आणला, त्यात बर्फ फोडून भरला, मधोमध शिशी रोवली, आणि वर दोन ओंजळी खडेमीठ पेरलं. बांगडा दुसऱ्या दिवशीपर्यंत कडक राहायचा तर ती बर्फात मीठ घालते. माशाला घालते ते माणसाच्या औषधाला का नको? उलट जास्तच घातलं.

सकाळी मी आलो आणि डबा उघडला. शिशीच्या आत पांढरी कांडी झालेली. बर्फात मीठ मिसळलं की तो शून्याच्या पुष्कळ खाली जातो. कॉलेजात हा प्रयोग मी स्वतः केलाय. ही लस गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. एकदा गोठली की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि गोम अशी की वितळल्यावर ती पुन्हा स्वच्छ पाण्यासारखी दिसते. कुणालाही कळलं नसतं. कान्हू आणि केशर पायरीवर येऊन बसले होते, पहाटेच निघालेले, भाकरीचं गाठोडं अजून न सोडलेलं. शिशी माझ्या मुठीत वितळत होती आणि माझ्या मनात आलं, की थोडीफार तरी लागू पडेल, काहीच नसण्यापेक्षा बरी. हा विचार किती सभ्य कपडे घालून आला होता, अक्का! पण त्याच्या मागोमाग दुसरा आला. ही टोचली तर कान्हूला वाटेल दारात कुत्रं आहे. आणि नसेल.

मी बाहेर आलो, शिशी त्यांना दाखवली, काय झालं ते सांगितलं, आणि त्यांच्या समोर फोडून टाकली. फुला रस्ता ओलांडून आली होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गार पायजे म्हनला, गार केलं. आता म्हनता गार जास्त झालं. औषध हाय का जावई? ह्येवढा मान कुनी कुनाचा ठेवायचा?" मला हसू आवरेना, आणि मग तिचे डोळे भरून आलेले दिसले. तिला मी काय बोलणार? चूक माझीच. गार ठेव एवढंच घरात सांगून गेलो होतो, किती गार ते सांगितलं नव्हतं. केशर मात्र हसली नाही. "येवढं चालून आलो, अन् तुमी टाकून दिलं," एवढंच म्हणाली. दोघं आल्या वाटेनं परत गेली.

मी पुण्याला पुन्हा फोन केला. ह्या वेळी पदरमोड झाली ती सुशीलानं न कुरकुरता सोसली, हे तुला मुद्दाम सांगतो, कारण ती सांगणार नाही. लस निघाली, पण त्याआधी बाजारकुणंगहून निरोप येऊन धडकला. तिथला गावकार लाडू म्हणून म्हातारा आहे, गावचं देवकार्य त्याच्याकडे. त्यानं विचारलं होतं, "जे औषध येवढ्याशा गारीनं मरतं, ते आमच्या कान्हूला काय जगवनार?" देवाचा कौल घेतल्याशिवाय सुई नाही. खरं सांगतो, मला राग आला. मग वाटलं, प्रश्न काही वेडा नाही. उत्तर मीच द्यायला हवं, आणि ते निरोपानं देण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरबाई धारवाडच्या, तरुण, मराठी कानडीच्या चालीवर बोलतात. तिकडच्या पोरांना पोलिओचे डोस द्यायला त्यांना जायचंच होतं. "बरा की हो, दोनी काम होतात," म्हणाल्या. मी ह्या खेपेला शिशी कापडात गुंडाळली, तिला बर्फ टेकणार नाही अशी फ्लास्कमध्ये बसवली, शेजारी थर्मामीटर. लखूच्या जीपमध्ये फ्लास्क मांडीवर घेऊन बसलो. प्रत्येक खड्ड्याला डॉक्टरबाई माझ्याकडे बघून हसत होत्या, कारण मी स्वतः आपटत होतो पण फ्लास्क आपटू देत नव्हतो.

देवळात सगळा गाव जमलेला. लाडू गावकारानं देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होकार. गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बघत बसलो. पाकळी पडेना. डावीही नाही, उजवीही नाही. ऊन चढत चाललं होतं. मी दोनदा थर्मामीटर पाहिला तेव्हा म्हातारा माझ्याकडे वळला. "औषधवाल्या, देवाला घाई न्हाई. तुज्या बर्फाला हाय काय?" मी म्हटलं, "हाय." "मग ही शिशी गोठली न्हाई कशावरनं?" मी फ्लास्क उघडून थर्मामीटर दाखवला, कापड दाखवलं, फुलाच्या मिठाची गोष्ट सांगितली. लोक हसले. म्हातारा हसला नाही. "ते तू सांगतोस. तुला इकायचं हाय, तू सांगनारच." त्याचं म्हणणं खरं होतं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून केशर पुढं आली. म्हणाली, "मामा, पयली शिशी ह्यानं माज्या डोळ्यांसमोर फोडली. म्या चिडली होती. पन इकायचंच असतं तर ती न्हाई का इकली असती? आमाला काय कळत होतं?"

मग लाडू गावकारानं पाषाणाकडे तोंड करून गाऱ्हाणं नव्यानं घातलं, आणि ते मला जवळजवळ पाठ झालंय. "बा देवा, रामनगरचा औषधवाला आलाय. ह्यानं एक शिशी टाकून दिली, दुसरी घेऊन आलाय. ह्येचं बर्फ इतळतंय. तुज्या लेकराच्या घराचं दार उघडं हाय. काय ते बेगीन सांग." उजवी पाकळी पडली. वाऱ्यानं पडली, ओल सुकली म्हणून पडली, कशानंही पडली असेल. मी शिकलेला माणूस आहे, मला ही कारणं माहीत आहेत. पण ती पडली तेव्हा मी हात जोडलेले होते, आणि ते कधी जोडले ते मला आठवत नाही.

मग एका म्हातारीनं दाजींचाच मुद्दा काढला. थंड सुई छातीला बाधेल. डॉक्टरबाईंनी शिशी तळहातात धरली, थोड्या वेळानं म्हातारीच्या गालाला लावली. "थंड हाय?" "न्हाई." "मग झाला तर." फ्रिज लागतो तो औषधाला, अक्का. माणसाच्या अंगात ते माणसाच्याच उबेनं जातं. कान्हूनं दंड पुढं केला, सुई लागली, निघाली. तो दंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "येवढंच? येवढ्यासाठी देवाला उठवलं?" त्या दिवशी अंमळ दंड दुखला, एवढंच. तापाचं बजावलेलं केशरला तोंडपाठ आहे, निघताना तिनं मलाच म्हणून दाखवलं.

ह्याचा उपयोग झाला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. जो ताप आला नाही तो कुणाला दाखवता येत नाही. ही लस सगळा खोकला थांबवत नाही, गिरणीचा कोंडा काढत नाही, गेलेलं फुप्फुस परत देत नाही. एकाच जंतूच्या पुष्कळशा जातींना ती अडवते, आणि तेही प्रत्येकात सारखंच नाही. मी ह्याहून जास्त काही कुणाला सांगितलेलं नाही, आणि ह्याहून कमीही सांगणार नाही. पण चाळण गमावलेल्या कान्हूला आणि कोंड्यानं भरलेल्या छातीला ती हवी, ह्याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नाही. शंका असती तर ती गोठलेली शिशी मी फोडली नसती, तशीच खपवली असती.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. काशी बाळंतपणासाठी माहेरी गेली हे मला तिच्या भावानं इथल्या बसस्टँडवर सांगितलं. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर. म्हणजे घरात पत्र वाचून दाखवणारं आता एकच माणूस उरलं. तेव्हा नमस्कार, दाजी. पहिल्या ओळीपासून तुम्हीच वाचताय, हे मला लिहितानाही माहीत होतं. एरवी मी चार ओळींची पत्रं लिहितो. हे मुद्दाम लांब लिहिलं, परिच्छेद मोठे ठेवले, कुठं श्वास घ्यायला जागा सोडली नाही. तुम्ही कुठंकुठं थांबलात ते मला इथून दिसत नाही. पण अक्का समोर बसून ऐकते आहे. तिला विचारा. पुण्याहून दुसऱ्या खेपेला मी दोन शिशा मागवल्या होत्या. एक बाजारकुणंगला गेली. दुसरी घेऊन येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येतो. तुमच्या खानापूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय, तुमचे जुने कागद बघून त्यांनीच चिठ्ठी लिहून ठेवली आहे, ते घरी येऊन देतील. तुम्हाला फक्त बाही वर करायची आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या तेव्हाच द्या. एका दमात देता आल्या तर सुई परत नेतो.

तुझाच, आणि आज थोडा त्यांचाही,
दत्तू